टाकीचा भोंगा कां वाजला नाहीं? : घरगुती सर्किटांतील दोष शोधण्याची रीत

हातखंबा व आसपासच्या गांवांतील जमिनीचा स्वभाव वाचकांस सांगावयास नकोच. वर जांभ्याचा सडा, खालीं विहीर, आणि मधल्या उतारावर आंब्या-काजूचीं कलमें. वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; पण जांभा तो धरून ठेवीत नाहीं, आणि वैशाख लागला कीं विहिरीचा तळ दिसूं लागतो. अशा दिवसांत विहिरीचें पाणी पंपानें सड्यावरील टाकींत चढवावयाचें व तेथून नळीनें कलमांस द्यावयाचें, ही रीत आतां रूढ झाली आहे. तींत अडचण एकच. टाकी सड्यावर, आणि पंपाचें बटण खालीं घराजवळ. तेव्हां टाकी भरली हें घरांत बसणारास कळावें कसें?

याकरितां कित्येक बागायतदार एक लहानसें यंत्र घरींच जुळवितात. टाकी भरतांच घरांत भोंगा वाजतो, आणि पंप वेळेवर बंद करितां येतो. सामान थोडें, खर्च अल्प, आणि उपयोग मोठा. परंतु घरीं जुळविलेलें यंत्र केव्हां ना केव्हां बिघडतें, आणि बिघडल्यावर दोष कसा शोधावा हें मात्र सहसा कोणी शिकवीत नाहीं. प्रस्तुत पाठाचा विषय तोच आहे.

लेखक विद्युत्शास्त्राचा पदवीधर नव्हे. शिक्षण मराठी शाळेचें, आणि नोकरी महसूल खात्यांतील कारकुनीची. तथापि हिशेबांतील चूक शोधण्याची जी रीत कचेरींत अंगवळणी पडली, तीच या कामीं चालते, असें अनुभवानें दिसून आलें. ती न वापरल्यास काय नुकसान होतें, हेंही अनुभवानेंच कळलें. प्रथम तें नुकसानच सांगतों.

एका दोषाचे दोन दोष

सेवानिवृत्तीनंतर मीं सड्याच्या उतारावर हापूसचीं चाळीस कलमें लाविलीं. पहिलाच उन्हाळा होता. शेतीपंपास वीज मिळण्याची पाळी त्या आठवड्यांत रात्रीची होती. एके रात्रीं पंप सुरू केला, आणि भोंग्याच्या भरंवशावर अंथरुणावर पडलों. भोंगा वाजला नाहीं. पहाटे जाग आली तेव्हां पंप कोरडाच घरघरत होता. टाकी रात्रभर वाहून पाणी कातळावरून पऱ्ह्यांत गेलें होतें, आणि विहिरींत घागर बुडण्यापुरतेंही पाणी उरलें नव्हतें.

त्याच दिवशीं तिठ्यावरून एस. टी. धरून रत्नागिरीस गेलों. नवी बॅटरी, नवा ट्रांझिस्टर, नवा भोंगा व नवे रोधक विकत आणिले, आणि रात्रीं दिव्यापाशीं बसून सर्व एकदम बदलिले. भोंगा तरीही वाजेना. दुसऱ्या दिवशीं आणखी एक ट्रांझिस्टर घातला, गुण नाहीं. विहिरींत पाणी हळूहळू येत होतें, पण भोंग्याशिवाय रात्रीं पंप लावण्याचा धीर होईना. असे सहा दिवस गेले. त्या कडक उन्हांत चाळीसांपैकीं सात कलमें वाळलीं.

रविवारीं भाचा आला. तो रत्नागिरीस आय. टी. आय. मध्यें शिकतो. त्यानें यंत्रास हात लावण्यापूर्वीं विचारिलें, "मामा, पहिल्या दिवशीं भोंगा वाजला नाहीं, तेव्हां तुम्हीं काय काय मोजलें?"

"मोजलें कांहीं नाहीं. सगळें बदललें."

"मग आतां बिघाड एक आहे कीं दोन, हें कसें कळायचें?"

प्रश्न साधा, पण वर्मीं लागणारा होता. कारण बिघाड खरोखरच दोन निघाले. मूळ दोष टाकीजवळच्या तारेच्या सांध्यांत होता. तेथें तांब्यावर हिरवा कळंक चढून सांधा तुटल्यासारखा झाला होता. दुसरा दोष माझ्या हातचा. दिव्याच्या पिवळ्या उजेडांत दोन रोधकांची अदलाबदल झाली होती. म्हणजे ज्या वस्तू बदलल्या त्या सर्व निर्दोष होत्या. जो सांधा दोषी होता त्यास हातही लागला नव्हता. आणि वर एक नवा दोष पदरचा घातला होता.

यंत्राची रचना

दोष शोधण्यापूर्वीं यंत्र निर्दोष असतां कसें चालतें हें ठाऊक पाहिजे. रचना येणेंप्रमाणें आहे.

टाकीच्या कांठाखालीं चार बोटें अंतरावर स्टेनलेस स्टीलच्या दोन सळ्या एकमेकींपासून दोन बोटें दूर बसविलेल्या असतात. तेथून दोन तारा घरांतील पेटीपर्यंत येतात व पेटीच्या दोन स्क्रूंस जोडलेल्या असतात. पेटींत ९ व्होल्टची बॅटरी, एक भोंगा, बी. सी. ५४७ जातीचा एक ट्रांझिस्टर, आणि १० किलोओहमचा व १०० किलोओहमचा असे दोन रोधक असतात.

बॅटरीच्या धन टोंकापासून दोन वाटा निघतात. एक वाट भोंग्यांतून ट्रांझिस्टरच्या कलेक्टर नांवाच्या पायाकडे जाते. दुसरी पहिल्या स्क्रूवरून टाकींतील पहिल्या सळईकडे जाते. दुसऱ्या सळईची तार दुसऱ्या स्क्रूवर परत येऊन १० किलोओहमच्या रोधकांतून बेस या मधल्या पायास मिळते. एमिटर हा तिसरा पाय बॅटरीच्या ऋण टोंकास जोडलेला असतो. बेस व ऋण टोंक यांच्यामध्यें १०० किलोओहमचा रोधक असतो.

ट्रांझिस्टर म्हणजे पाटाचें दार समजावें, आणि बेस ही त्या दाराची खुंटी. टाकी भरून पाणी दोन्ही सळ्यांस लागलें कीं पाण्यांतून अगदीं अल्प प्रवाह बेसकडे येतो. खुंटी फिरते, दार उघडतें, आणि भोंग्यांतून पुरेसा प्रवाह वाहून तो वाजतो. दमट हवेंतून जो नकळत पाझर बेसकडे येतो, तो १०० किलोओहमच्या रोधकावाटे ऋण टोंकाकडे निघून जातो. नाहींतर आपल्याकडील पावसाळ्यांत भोंगा रात्रंदिवस ओरडत राहील.

बी. सी. ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे व पाय खालीं धरिले असतां डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. दुसऱ्या क्रमांकाच्या ट्रांझिस्टरमध्यें हा क्रम निराळा असूं शकतो. म्हणून बदली वस्तू घेतांना क्रमांक वाचून घ्यावा. रोधकांवरील पट्टे तपकिरी, काळा, नारिंगी असे असतील तर तो १० किलोओहमचा. तपकिरी, काळा, पिवळा असे असतील तर १०० किलोओहमचा. नारिंगी व पिवळा हे रंग रात्रीं सारखेच भासतात. याकरितां रोधक दिवसा उजेडीं पाहावा, अथवा मीटरनें मोजूनच बसवावा.

ताळा पडताळण्याची रीत

महिनाअखेर रोजकिर्दीची शिल्लक जुळली नाहीं, तर जाणता कारकून सबंध वही नव्यानें लिहावयास बसत नाहीं. तो पंधरा तारखेची शिल्लक ताडून पाहतो. ती बरोबर निघाली, तर पहिला पंधरवडा निर्दोष ठरला. चूक पुढील पंधरवड्यांत. मग बावीस तारीख पाहावयाची. याप्रमाणें दर खेपेस निम्मी पानें बाद होतात, आणि चार-पांच खेपांत चुकीची तारीख हातीं लागते.

यंत्रासही हाच न्याय लावावा. समजा, यंत्रांत सोळा सांधे आहेत व त्यांपैकीं एक तुटला आहे. एका टोंकापासून पाहत गेल्यास पंधरा वेळां पाहावें लागण्याचा संभव आहे. मधून पाहिल्यास सोळांचे आठ, आठांचे चार, चारांचे दोन व दोहोंचा एक, अशा चार पाहण्यांत काम उरकतें. आपल्या यंत्राचा मध्य म्हणजे पेटीचे दोन स्क्रू. एका बाजूस टाकी, सळ्या व लांब तार. दुसऱ्या बाजूस पेटींतील सर्व सामान.

टाकी भरूनही भोंगा वाजत नसेल, तर पुढील क्रमानें जावें.

पहिलें पाहणें. पेटीच्या दोन स्क्रूंवर घराची किल्ली आडवी धरावी. भोंगा मोठ्यानें वाजला, तर पेटी निर्दोष, दोष बाहेर. पेटी उघडूंच नये. न वाजल्यास दोष पेटींत. मग सड्यावर चढण्याचे श्रम घेऊं नयेत.

दुसरें पाहणें, दोष बाहेर असल्यास. लांब तारेच्या मधल्या सांध्यापाशीं जाऊन तेथें दोन्ही तारा क्षणभर एकमेकींस जोडाव्या. वाजला तर घरापासून तेथवरची तार ठीक, दोष टाकीकडे. मग सळ्यांवर किल्ली धरून पाहावें. किल्लीनें वाजतो पण पाण्यानें वाजत नाहीं, असें झाल्यास सळ्यांवर थर बसला आहे. त्या घासून काढाव्या. किल्लीनेंही न वाजल्यास मधला सांधा व सळ्या यांच्यामध्यें तार अथवा जोड तुटलेला आहे.

तिसरें पाहणें, दोष पेटींत असल्यास. तारेच्या तुकड्यानें ट्रांझिस्टरचे कलेक्टर व एमिटर हे दोन पाय क्षणभर जोडावे. भोंगा वाजला तर बॅटरी, भोंगा व त्यांच्या तारा निर्दोष. दोष ट्रांझिस्टरमध्यें किंवा बेसच्या वाटेवर. न वाजल्यास दोष बॅटरींत, भोंग्यांत अथवा त्या दोहोंच्या तारांत. भोंग्याचीं धन व ऋण टोंकें उलट जोडलीं असल्यास तोही गप्प राहतो, हें लक्षांत असावें.

या तीन पाहण्यांस मीटर लागत नाहीं. किल्ली व तारेचा तुकडा पुरतो. मीं पहिल्या दिवशीं स्क्रूंवर किल्ली धरिली असती, तर भोंगा लागलाच वाजला असता, आणि रत्नागिरीस जाण्याऐवजीं पाने घेऊन सड्यावर गेलों असतों.

मीटरनें मोजणें

पेटींतील दोष नक्की करण्यास साधा मल्टिमीटर घ्यावा व तो डी. सी. व्होल्टच्या २० च्या घरावर ठेवावा. मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोंकास लावून लाल तारेनें एकेक जागा पाहावी. निर्दोष यंत्राचीं मोजमापें अशीं येतात.

स्क्रू मोकळे असतां बेसवर शून्य, आणि कलेक्टरवर बॅटरीच्या जवळपास. स्क्रूंवर किल्ली धरिली असतां बेसवर सुमारें ०.७ व्होल्ट, आणि कलेक्टर उतरून अर्ध्या व्होल्टच्याही खालीं. बेसवर ०.७ येऊनही कलेक्टर वरच राहिला, तर ट्रांझिस्टर गेला किंवा त्याचे पाय उलट बसले. किल्ली धरूनही बेसवर शून्यच राहिलें, तर स्क्रू ते बेस ही वाट तुटली आहे.

बॅटरी मोजतांना एक फसगत होते. जुनी बॅटरी नुसती मोजली तर मीटर जवळजवळ ९ दाखवितो, पण भोंग्याचा भार पडतांच ती कोसळते. बैलाची परीक्षा गोठ्यांत होत नाहीं, जूं मानेवर ठेविल्यावर होते. भोंगा वाजत असतांनाच बॅटरी मोजावी. ७ व्होल्टच्या खालीं उतरली तर बदलावी.

रोधक मोजतांना मात्र बॅटरी काढून ठेवावी, व रोधकाचा एक पाय मोकळा करावा. नाहींतर शेजारच्या वाटेनेंही प्रवाह जाऊन आंकडा चुकीचा येतो.

लक्षणें आणि कारणें

१. किल्लीनें भोंगा क्षीण वाजतो व पाण्यानें मुळींच वाजत नाहीं. दोन रोधकांची अदलाबदल झाली आहे. बेसकडे येणारी वाट अरुंद व बाहेर जाणारी रुंद झाल्यामुळें खुंटीस जोर पोंचत नाहीं. माझ्या पेटींत झालें तें हेंच.

२. टाकी रिकामी असतां भोंगा वाजतो. प्रथम स्क्रूंवरील बाहेरच्या तारा सोडवाव्या. थांबला तर दोष बाहेर : दोन सळ्यांच्या मधोमध शेवाळ धरलें असेल, किंवा तारेचें वेष्टन उंदरानें कुरतडून आंत पाणी शिरलें असेल. न थांबल्यास पेटींत दमट मळ सांचला आहे, अथवा ट्रांझिस्टर आंतून जुळून गेला आहे. मळ कोरड्या ब्रशानें झाडून पेटी उन्हांत वाळवावी.

३. सकाळीं वाजतो, दुपारीं वाजत नाहीं. हलविला तर वाजतो. झाळलेला सांधा कच्चा आहे. चांगली झाळ चकचकीत दिसते आणि तारेस चिकटून पसरते. कच्ची झाळ मळकट व गोळ्यासारखी असते. केवळ वर कथील टाकूं नये. तार व पट्टी हीं दोन्हीं तापवून मग कथील वितळूं द्यावें.

४. नवें असतां चाले, वर्षानें बंद पडलें. सळ्या किंवा उघडे सांधे तांब्याचे आहेत. प्रवाह चालू असतां पाण्यांत धन बाजूचें तांबें झिजत जातें, आणि दमट हवेंत उघड्या सांध्यावर कळंक चढतो. सळ्या स्टेनलेस स्टीलच्याच असाव्या, आणि तारेचा सांधा पाण्याच्या वर, झाळून व वेष्टून ठेवावा.

एका वेळीं एक, आणि वहींत नोंद

वरील सर्व रीतीचें सार दोन नियमांत सांगतां येईल. पहिला : एका वेळीं एकच वस्तु बदलावी, व ती बदलून गुण न आल्यास मूळची परत बसवावी. दुसरा : जें पाहिलें, मोजलें व बदललें, तें तत्काळ लिहावें. फेरफाराची नोंद नसतां सातबारा बदलला, तर कोणाचा हक्क कोठून आला हें पुढें कोणासच कळत नाहीं. यंत्राचेंही तसेंच आहे.

ही शिस्त केवळ कारकुनांची नव्हे. १९४७ सालीं सप्टेंबरच्या ९ तारखेस अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत मार्क टू नांवाचें मोठें गणकयंत्र चालेना. शोध घेतां एका रिलेंत एक पतंग अडकलेला सांपडला. तेथील मंडळींनीं तो झटकून टाकिला नाहीं. चिकटपट्टीनें नोंदवहींत चिकटविला व शेजारीं वेळ लिहून ठेविली. ती वही आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत जपून ठेविलेली आहे. त्याच वर्षीं डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रांझिस्टरचा शोध लागला. त्याचाच वंशज आज आपल्या पेटींत बसला आहे. किडा, मुंगी, पाल हीं आपल्याकडेही पेटींत शिरतात. पेटीच्या फटी बुजविण्यास विसरूं नये, आणि किडा सांपडला तर त्याचीही नोंद करावी.

सावधगिरी

येथें सांगितलेली प्रत्येक परीक्षा ९ व्होल्टच्या बॅटरीवरील यंत्रापुरतीच आहे. किल्ली व तारेचा तुकडा घेऊन पंपाच्या स्टार्टरजवळ जाणें म्हणजे मृत्यूस बोलावणें होय. तेथें २३० व्होल्ट, व तीन फेजच्या पंपास त्याहून अधिक दाब असतो. घरीं जुळविलेलें यंत्र स्टार्टरला जोडूं नये. तशी सोय हवी असल्यास परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. टाकीची तार पंपाच्या विजेच्या तारेबरोबर एकाच नळींतून नेऊं नये. वळवाच्या व परतीच्या पावसांत विजा होऊं लागल्या कीं बाहेरच्या दोन्ही तारा स्क्रूंवरून सोडवून ठेवाव्या. मुलांस हें काम शिकवावें, पण प्रथम हा भेद शिकवावा.

ज्यांस हाताने करून शिकावयाचें आहे, त्यांस पुणें जिल्ह्यांतील पाबळचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवण्यासारखें आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं तेथें विज्ञान आश्रम स्थापिला. काम करितां करितां शिकणें हें त्याचें सूत्र. खेड्यांतील मुलांस तेथें शेती, लोहारकाम, वीज हे विषय प्रत्यक्ष कामांतून शिकविले जातात. २००२ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेच्या सहकार्यानें तेथें फॅब लॅब नांवाची कार्यशाळाही सुरू झाली. पदवी नसलेला खेडुत अशा यंत्रांचा धनी होऊं शकतो, हें तेथें दिसून येतें.

वाळलेल्या सात कलमांच्या जागीं पुढच्या पावसाळ्यांत नवीं लाविलीं. पेटीच्या झांकणास आंतून एक लहान वही दोऱ्यानें बांधली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या उन्हाळ्याची हकीकत लिहिली आहे, आणि खालीं एकच ओळ : प्रथम किल्ली, मग मीटर, सर्वांत शेवटीं बाजार. दर वर्षीं वैशाखापूर्वीं सळ्या घासणें, सांधा तपासणें व भोंगा वाजत असतां बॅटरी मोजणें, या तीन नोंदी तींत होतात. वाचकांपैकीं ज्यांचें यंत्र आज ठीक चाललें आहे, त्यांनीं आजच त्याचीं मोजमापें लिहून ठेवावीं. निर्दोष यंत्राची शिल्लक वहींत असली, तरच बिघडल्या दिवशीं ताळा कशाशीं पाहावयाचा हें कळतें.